बिनपत्त्याची फळी

धोंडप्पांच्या घरातलं एकही लाकूड बिनपत्त्याचं नव्हतं. जिन्याची वरची पायरी कुठल्या पाडलेल्या दुकानाची, मांडणीचे पाय कुठल्या शाळेच्या खिडकीचे, हे ते आल्यागेल्याला चहा निवेपर्यंत सांगायचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून लातुरात कुणाचं घर पाडायला निघालं, याची खबर त्यांना सगळ्यांच्या आधी लागायची. स्कूटर उभी करायची, मालकाला गाठायचं, "टाकून देणार असाल तर नेऊ का?" विचारायचं, आणि तो हो म्हणेपर्यंत खिळ्यालासुद्धा हात लावायचा नाही. "फुकटचं हाय, पण चोरीचं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

म्हणूनच त्या गुरुवारी आणलेल्या फळीबद्दल ते गप्प राहिले, तेव्हा शिवकांताबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

फळी चांगली चार बोटं जाड, जुन्या सागवानाची. पोत्यात गुंडाळलेली. धोंडप्पांनी ती कुणाला न दाखवता थेट गच्चीवर नेली.

"कुठली हो?" बाईंनी खालूनच विचारलं.

"असंच. औसा रोडला पडली होती."

"कुणाच्या घरची?"

"आता काय लाकडाची सोयरीक काढत बसू का?"

गेली सहा वर्षं हा माणूस लाकडाची सोयरीकच काढत बसला होता. मोठ्यानं बोलणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. पण ऐकलेलं विसरणंही नव्हतं.

ती फळी त्यांच्यासाठीच होती. बाईंचा नेम लग्नाआधीपासूनचा. पहाटे अंघोळ, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा. ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात नाही. मागच्या महिन्यात पूजेवरून उठताना गुडघ्यानं दगा दिला आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लिंगपूजा करायची, हे बाईंना मनातही आणवेना. तेव्हा धोंडप्पाच म्हणाले होते, "हातभर उंचीची बैठक करून देतो. तुझा नेम मोडू देत न्हाई मी." तोवर त्या खालीच बसत, आणि पूजा झाली की धोंडप्पा दोन्ही हातांनी धरून त्यांना उठवत.

शनिवारी शेजारची अंजू कढीपत्ता मागायला आली.

"काकू, काका तुम्हाला बैठक करून राहिले म्हणं. लाकूड लई भारी हाय. बार्शी रोडला घावलं म्हणाले."

"बार्शी रोडला?"

"हाव. का?"

"काही नाही." औसा रोड एका टोकाला, बार्शी रोड दुसऱ्या. बाईंनी कढीपत्त्याची डहाळी तिच्या हातात दिली.

अंजूला जायची घाई नव्हतीच. "आमचे हे सांगत होते, रुद्रभूमीतली जुनी शेड पाडली म्हणं. अंत्ययात्रेची विमानं ठेवायची ना, ती. समदं लाकूड भायेर काढून टाकलंय. कुणी बी न्या म्हणं, फुकट! पण काकू, मेलेलं माणूस बसवून नेलेल्या विमानाचं लाकूड कोण नेईल घरात?"

अंजू गेल्यावर बाई एकेक पायरी चढत गच्चीवर गेल्या. बैठकीचे पाय कापून झाले होते. फळीची वरची बाजू रंध्यानं लख्ख केलेली, पण एका कडेला रंधा पोचला नव्हता. तिथं लाकडाच्या रेषांत मुरलेला पिवळा रंग होता. बाईंनी नखानं खरवडलं. हळद. हळदीवर पांढुरके पुसट पट्टे, विभूतीचे असावेत तसे. रस्त्यात पडलेल्या फळीला हळद आणि विभूती कोण लावतं?

रात्रीच्या जेवणाला त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "रुद्रभूमीतली शेड पाडली म्हणे."

"पाडली असंल."

"तुम्ही गेला होता का तिकडं?"

धोंडप्पांचा घास हातातच थांबला. "गेलो असलो तर? लिंगायताला सूतक कुठलं? तूच सांगत असतीस की समद्यांना."

सूतक पाळणाऱ्या बायकांना बाईंनीच कितीदा हळू आवाजात समजावलं होतं. पण अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आलं, की नवऱ्यानं 'गेलो नव्हतो' असं म्हटलंच नाही. सूतक नसेल, पण लपवाछपवी आहेच. आणि लपवाछपवीवर बसून हातात लिंग कसं घ्यायचं?

मंगळवारी पहाटे अंघोळ करून आल्या, तर देवापुढं बैठक मांडलेली. पॉलिश केलेली, कोपरे गोल केलेले. धोंडप्पा बाजूला उभे, हात मागं बांधून.

"बस की."

"नाही."

"अगं, पूजा आटप. गोळ्या घ्यायच्यात तुला."

"खाली बसू नका म्हणतात डॉक्टर, आणि हिच्यावर मी बसणार नाही." आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "लाकूड कुठलं ते कळल्याशिवाय पूजा नाही. आणि पूजेशिवाय पाणी नाही."

"लागली उपाशी मरायला!" धोंडप्पा पुटपुटले आणि बेलाची पानं आणायच्या निमित्तानं बाहेर पडले.

आठ वाजले. नऊ वाजले. घशाला कोरड पडली. शेवटी बाईंनी भिंतीचा आधार घेतला, खाली वाकल्या आणि बैठक उलटी केली.

खालच्या बाजूला रंधा मुद्दामच फिरवला नव्हता. तिथं हळद नुसती लागलेली नव्हती, थरावर थर बसले होते. मधोमध घोड्याच्या नालेची गंजकी खूण. तिच्या शेजारी वाटीएवढा गुळगुळीत खळगा. बाईंनी त्यात बोट घातलं आणि बोट तिथंच राहिलं.

खेळायला चिंचोके फोडून फोडून तो खळगा पाडला होता दोघांनी. त्यांनी आणि धाकट्या भावानं, शिवकुमारनं. आणि ती हळद त्यांच्याच हातची. लग्न होईपर्यंत रोज सकाळी उंबरठा पुसून त्यांनीच लावलेली.

धोंडप्पा पानं घेऊन आले, तेव्हा बैठक उलटीच होती.

"जळकोट. माझ्या माहेरचा उंबरा," बाई म्हणाल्या.

धोंडप्पांनी पानं खाली ठेवली आणि स्वतःही जिन्याच्या पायरीवर बसले. "शिवकुमारनं घर पाडलं. स्लॅबचं बांधून राहिलाय. मला फोन केला, दाजी, उंबरा घेऊन जावा, पण अक्काला सांगू नका. एसटीच्या डिकीत टाकून आणला."

"मला का नाही सांगायचं?"

"आता काय करून राहिलीस तू?" धोंडप्पांचा आवाज चढला. "गाय विकली तवा दोन दिस उपाशी. वीरेश नोकरीला पुण्याला गेला तवा तीन. लेकरू तिकडनं रोज फोन करून इचारायचं, आईला काय झालं म्हणून. कुणाची हिंमत हाय तुला खरं सांगायची?"

बाई खळग्याकडं बघत राहिल्या. घरात कोण काय लपवतंय, हे त्या गुरुवारपासून हुडकत होत्या. का लपवतात, हे कधी हुडकलंच नव्हतं.

"आणि उंबरठ्यावर बसवणार होता मला?" त्या म्हणाल्या. "उंबरठ्यावर कुणी बसतं का?"

धोंडप्पांनी कपाळावर हात मारला. "हे डोक्यातच आलं न्हाई. म्हटलं, माहेर तर गेलं. त्याच्यावर बसून पूजा तरी करंल."

"फळी काढा ती. आपल्या दाराला बसवा. मला बसायला कुठलंही लाकूड चालेल. फक्त पत्ता सांगून आणा."

मग कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून देवासमोर आणली. पुसली. तिच्यावर बसून डाव्या हातावर लिंग घेतलं. पूजा रोजच्या एवढीच चालली, कमी नाही की जास्त नाही. नंतर त्या तांब्याभर पाणी प्यायल्या, भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन बसल्या आणि ताटात काहीही न ठेवता जेवल्या. धोंडप्पा दारातून चोरून बघत होते.

हात धुऊन त्यांनी फोन लावला. पलीकडून सिमेंटच्या मिक्सरची घरघर ऐकू आली, आणि मग घाबरलेला आवाज, "हां, अक्का?"

"शिवकुमार, मी जेवलेय," शिवकांताबाई म्हणाल्या. "आता सांग."