अमावास्येनंतर अडणारे मेल

सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसंसुद्धा रांग सोडून काचेला नाक लावून उभी होती. मी रक्त काढायचं काम करते त्या मरोळच्या आमच्या लॅबमध्ये यंत्रेश्वर महाराज आले होते. आतल्या कपाटातल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं होतं, वर लिंबू ठेवलं होतं.

"यंत्रालाही प्राण असतो," महाराज सांगत होते. "विजेत सूक्ष्म वायू फिरतो. अमावास्येला तो तळाशी बसतो. मग मेल वर कसे चढणार?"

"खरंय," रांगेतले एक आजोबा म्हणाले.

तयार झालेले रिपोर्ट पेशंटना आपोआप मेल करणारा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालतो. तो लिहिला भांडुपहून रोज इथे कामाला येणाऱ्या प्रांजलने. आदल्या दिवशी अमावास्या होती. महाराजांच्या आज्ञेनुसार 'विश्रांती' म्हणून कॉम्प्युटरचा मेन स्विच बंद ठेवला होता. आज चालू केला तर एकही मेल जाईना. सुरक्षित जोडणी होत नाही, एवढंच उत्तर येत होतं. मागच्या दोन्ही अमावास्यांनंतर हेच झालं होतं. महाराजांचा शिष्य नितेश कीबोर्डवर उपरणं पसरून त्याखाली मंत्र टाइप करायचा आणि मेल धडाधड सुटायचे.

या वेळी महाराज आणखी पुढे गेले. "दोष यंत्रात नाही, लिहिणाऱ्या हातात आहे. तो हात दूर करा."

लॅबचे मालक डॉ. यज्ञेश यांनी प्रांजलकडे न बघताच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस."

प्रांजलचे वडील अंथरुणाला खिळलेले. घर तिच्यावर. ती एवढंच म्हणाली, "सर, मला एकदा मशीन बघू द्या ना. दर वेळी पूजा झाल्यावरच हात लावू देता. तोवर सगळं नीट झालेलं असतं."

"पूजेआधी तिची सावलीही नको," नितेश म्हणाला.

"काकू, तुम्ही तरी समजवा हिला," रिसेप्शनवरची सुगंधा माझ्या कानाशी लागली. "तुमचं एवढं व्रतवैकल्य."

माझे सोमवार आहेत, संकष्टी आहे, पोथी वाचल्याशिवाय मी चहा घेत नाही. म्हणून मी महाराजांच्या बाजूची, असं लॅबमध्ये सगळे धरून चालले होते. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. मी खुर्ची ओढली आणि कपाटाच्या दारात बसले.

"आधी ती बघेल. मग पूजा करा."

"बाई, तुम्ही देवाधर्माच्या," महाराज म्हणाले. "आड येऊ नका."

"म्हणूनच आलेय. देव कुणाच्या पोटावर पाय देत नाही."

डॉक्टर घुटमळले. मग म्हणाले, "बघ. लवकर आटप."

प्रांजलने पडद्यावरचा पूर्ण संदेश उघडला आणि कोपऱ्यातली तारीख दाखवली. कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे गेला होता.

"सर, मेल घेणारा सर्व्हर आधी स्वतःचं प्रमाणपत्र दाखवतो. कधीपासून कधीपर्यंत चालेल ते त्यावर असतं. आपलं मशीन स्वतःच्या घड्याळावरून ते तपासतं. घड्याळ इतकं मागे, की त्याच्या लेखी हे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. जन्माला न आलेल्या माणसाचं आधारकार्ड तुम्ही घ्याल का? म्हणून ते जोडणीच नाकारतं."

तिने तारीख बरोबर केली. मेल सुटले. पुन्हा मागे नेली, अडले. पुन्हा बरोबर केली, सुटले.

"पण घड्याळ मागे जातंच कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रांजलने स्क्रू काढून झाकण बाजूला केलं. आत नाण्याएवढी खाच रिकामी होती. "इथे सेल असतो. वीज नसताना तो घड्याळ चालवतो. तो काढलाय. इंटरनेटवरून वेळ लावायची सोयही बंद केलीय. म्हणजे मेन स्विच बंद केला की घड्याळाची वाट लागलीच. आणि उपरण्याखाली टाइप होत होती ती फक्त बरोबर तारीख."

हे झाकण कोणी उघडलं होतं, हे कोणालाच विचारावं लागलं नाही. त्या पहिल्या अमावास्येआधी महाराजांनी यंत्रशांती केली, त्या दिवशी नितेशने 'अंतःशुद्धी' म्हणून ते उघडलं, तेव्हा आम्ही सगळे भोवती हात जोडून उभे होतो. मीसुद्धा.

"नास्तिक हवेत यंत्र नासतं," महाराज पुटपुटले. नितेश उपरण्याची घडी घालू लागला.

"चल, झालं गेलं," डॉक्टर म्हणाले. "प्रांजल, कामाला लाग."

"सर, सगळ्यांसमोर काढलंत मला. सगळ्यांसमोरच मागे घ्या."

डॉक्टरांनी मागे घेतलं, जमिनीकडे बघत. तिने मान हलवली आणि अडकलेले रिपोर्ट पाठवायला बसली.

लिफ्टपाशी सुगंधा महाराजांच्या पाया पडली. "कशाला उगाच शाप घ्यायचा," मला म्हणाली. तेच मला जास्त लागलं. सगळं डोळ्यांदेखत उलगडलं, तरी भीती जागची हलली नव्हती.

माझे उपवास मी सोडणार नाही. पण बिघाड झाला की आधी कारण शोधा, आणि शोधणाऱ्याला कोणी अडवत असेल तर त्याला 'का?' म्हणून विचारा. आम्ही विचारलं नाही, आणि एका कष्टाळू मुलीच्या घरची चूल बंद पडायची वेळ आली होती.