धुतलेली माती

तलाठ्यानं आमच्या दीड एकराबद्दल लिहिलं, ‘पडीक गायरान, अतिक्रमण नवे’, आणि माझं डोकंच फिरलं. नवं? माझ्या जन्माआधीपासून बा ते रान कसून राहिलाय! बोरीबाभळी त्यानं आणि आईनं उपटल्या, दगड वेचले, आणि हा तलाठी बांधावर उभं न राहता लिहून मोकळा!

लातूरचा नवा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिल्हा आला म्हणून पेढे वाटले होते आमच्या गावानं, शिरूर अनंतपाळच्या बाजारात फटाकेसुद्धा उडाले होते. आता त्या जिल्ह्याला गोदाम बांधायला जागा पाहिजे होती, आणि सगळं गायरान सोडून साहेबलोकांचं बोट आमच्याच तुकड्यावर आलं. अठ्ठ्याहत्तरच्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवलं, तर ती बाच्या नावे होणार होती. नाही दाखवलं तर गोदाम. पंचनाम्यावर सही होती शेजारच्या व्यंकटरावांची. त्यांचा बांध आमच्या बांधाला लागून. त्यांना सगळं माहीत होतं, तरी सही केली. गोदाम झालं की रस्ता त्यांच्या रानापर्यंत येणार होता ना!

मी तेव्हा नांदेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि रजा काढून बंगळूरला पीएच.डी. करत होते. विषय होता मातीतला सेंद्रिय अंश. पालापाचोळा, मुळं, शेण, राख हे सगळं मातीत मुरून काळं होतं, त्यात नेमकं काय काय आहे ते शोधायचं. हा काळा ऐवज पाण्यात धड विरघळत नाही आणि पोटातलं काही सांगत नाही. म्हणून माती वाळवून, भुकटी करून इवल्याशा डबीत ठासायची, ती डबी मोठ्या चुंबकात ठरलेल्या कोनात तिरकी धरायची आणि हवेच्या झोतानं सेकंदाला हजारो फेरे फिरवायची. मग यंत्र कागदावर एक रेघ काढतं. रेघेवर टेकाडं उठतात. गवताचं टेकाड एका जागी, लाकडाचं दुसऱ्या, मेणचटाचं तिसऱ्या, कोळशाचं आणखी वेगळ्या. कोळसा तर मातीत पिढ्यान् पिढ्या टिकतो.

म्हटलं, बघू या की! कसलेल्या रानात उकिरड्याचं खत गेलेलं असणार, चुलीची राख गेलेली असणार. पडीक गायरानात नुसतं गवत. दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या की तलाठ्याचं तोंड बंद.

बाला निरोप धाडला, दोन पिशव्या भर. एक आपल्या रानातली हातभर खोलीची, एक बांधापलीकडच्या गायरानातली. तो बिचारा भर उन्हात पिशव्या घेऊन लातूरच्या स्टँडवर आला. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. त्याची गालफडं बसली होती, पण धोतर पांढरंशुभ्र.

“नीट जा माय,” एवढंच म्हणाला.

बंगळूरला यंत्र चालवायचे शिवमूर्ती सर. उदगीरकडचे, त्यामुळे माझ्याशी बोलताना निम्मं मराठी, निम्मं कन्नड. त्यांनी दोन्ही रेघा माझ्यापुढे टाकल्या. सख्ख्या बहिणी! जागच्या जागी तीच टेकाडं, कोळशाच्या जागी दोन्हींकडे सपाट. मला रडूच आलं. यंत्रावर राग, मातीवर राग, आणि खरं सांगते, क्षणभर बाचाही राग आला. तलाठ्याचंच खरं असेल का?

“सिंधुबाई,” सर चष्मा पुसत म्हणाले, “तुमची माती एवढी स्वच्छ कशी हो? भुकटी करताना एक काडी नाही, खडा नाही. शेतातली माती अशी कुठं असते?”

मी पहिली गाडी पकडली आणि गावी गेले. बा लिंबाखाली बसला होता.

“बा, त्या मातीला तू काय केलंस?”

“धुतली की,” तो सहज बोलला.

“धुतली?”

“हाव. लई कचरा होता गं. कोळशाचे बारके तुकडे, चिपाडं. घमेल्यात घातली, पाणी सोडलं, काळं काळं वर आलं ते वतून दिलं. तीनदा केलं. मग फडक्यावर वाळवली आन् पिठाच्या चाळणीनं चाळली.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “आणि गायरानातली?”

“ती कशाला धुतो? ती काय आपली हाय?”

“टँकर आठ दिवसांनी येतो रे बा! प्यायला पाणी नाही आणि तू माती धुतोस?”

मी ओरडले, चांगली ओरडले. तो हळूच म्हणाला, “मोठ्या साहेबांच्या हातात जायाची व्हती. आपल्या घरची वस्तू बघून कुनी नाक मुरडू नये, म्हून धुतली. जलमभर लई मुरडलेली नाकं बगितली म्या.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. धोतर पांढरंशुभ्र का असतं, भांडी राखेनं तीन-तीनदा का घासतात, पाहुण्याला दिलेला तांब्या बाहेरूनसुद्धा का पुसतात, हे मला कुणी शिकवावं लागत नव्हतं. मीही त्याच घरात वाढले. मी त्याच्या शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी मीच खोदलं. भेगाळलेल्या काळ्या रानात हातभर खाली, जसं निघेल तसं पिशवीत घातलं. सरांनी दुसऱ्याचा नंबर मागे सरकवून मला यंत्र दिलं. माती गरीब असली की रेघ उमटायला फार वेळ लागतो, आणि दुष्काळातली माती गरीबच. पण उमटली. कोळशाच्या जागी ढळढळीत टेकाड! शिवमूर्ती सर ओरडले, “भले!” आणि मला कॅन्टीनात नेऊन डोसा खाऊ घातला.

मी ती रेघ बाला दाखवली. बोट ठेवून सांगितलं, हा चुलीचा कोळसा. आई रोज उजाडायच्या आत राखेची पाटी डोक्यावर घेऊन रानात टाकायची, ती ही. बानं त्या टेकाडावरून अंगठा फिरवला.

“म्हंजी म्या तुज्या आईला, सरजालाच धुऊन काढलं व्हतं व्हय गं?” तो म्हणाला, आणि उपरण्यात तोंड घालून रडला.

सुनावणी लातूरला झाली, नव्या कचेरीत, भिंतींना अजून रंगाचा वास. प्रांत साहेब अमृतराव वयानं तरुणच होते. त्यांनी दोन्ही रेघा निरखून बघितल्या. तलाठी हसत होता. कोपऱ्यात पंच म्हणून व्यंकटराव बसले होते, फेटा बांधून.

“बाई, कोळसा आहे हे मानलं,” साहेब म्हणाले. “पण तो अठ्ठ्याहत्तरच्या आधीचा की कालचा, हे यंत्र सांगतं का?”

हो म्हटलं असतं तर तिथं कुणाला कळणार होतं? पण खोटं म्हणवेना. “नाही साहेब,” मी म्हणाले. “वर्ष सांगत नाही.”

तलाठ्यानं फाइल मिटायला घेतली. बा उभा राहिला.

“साहेब, राख माजी बायकू टाकायची. ती गेल्यावर माज्या घरी चूल पेटलीच न्हाई. पोर हॉस्टेलात घातली, म्या भावाकडं जेवतो. रानात राख कुठनं जाईल?”

“बायको कधी वारली?”

बा व्यंकटरावांकडे वळला. “तुमी सांगा, मालक. तुमीच तिच्या मयताला गाडी दिलती.”

साहेबांनी व्यंकटरावांकडे बघितलं. तलाठीही बघत होता. व्यंकटरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, संपलं.

“बहात्तरच्या दुष्काळात,” ते म्हणाले. “खडी फोडता फोडता गेली. लई गुणाची बाई.”

“आणि तोवर ती या रानात राख टाकत होती?”

जमिनीबद्दल खोटं लिहून देणारा तो माणूस, गेलेल्या बाईबद्दल त्याला खोटं बोलवेना. “टाकायची,” ते खाली बघत म्हणाले. “आमच्याच बांधावरनं जायची, झुंजुमुंजू असताना. सही म्या चुकीची केली, साहेब.”

अमृतरावांनी कारकुनाला सांगितलं, “लिहा. जमीन जुन्या वहितीची. कब्जेदार, निवृत्ती सूर्यवंशी. कसणार…”

“सरजाबाई,” बा म्हणाला.

कारकून थांबला. “अहो, मयत बाईचं नाव कसं चालंल?”

“जमीन माज्या नावावर करा,” बा म्हणाला, “पर कसली कुनी, ते खरं लिवा.”

साहेबांनी कारकुनाच्या हातातला कागद स्वतःकडे ओढला आणि स्वतःच्या अक्षरात, ‘मयत’ न लिहिता आम्ही बौद्ध लिहितो तसं, लिहिलं: कसणार, कालकथित सरजाबाई.