खळग्याची खूण

दरवर्षी पहिल्या तासाला भूगोलाच्या बाई फळ्यावर एकच प्रश्न लिहायच्या: भूगोल कशासाठी शिकायचा? बावीस वर्षं उत्तरही एकच, तोंडपाठ. माणसानं कुठं राहावं आणि कुठं राहू नये, हे कळावं म्हणून. यंदा मात्र ‘राहू नये’पाशी त्यांची जीभ अडकली. घसा खाकरला, पाणी प्यायल्या, तरी पुढचं येईना. शेवटी पुस्तकातूनच उतरवून घ्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. बाईंना बरं नाही असं वाटून वर्ग कधी नव्हे तो चिडीचूप राहिला. पोरींच्या त्या समजूतदारपणानं त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घडलं होतं ते असं. बाईंचा धाकटा भाऊ सुतार. गेल्या वर्षी त्यानं घरासाठी एक जागा बघितली आणि तिचा मोजणीचा नकाशा घेऊन तडक ताईकडे आला. घरात बाईंना सगळे नकाशाबाई म्हणायचे, थोडं चेष्टेनं आणि पुष्कळसं अभिमानानं. ताई, तुझा विषय आहे, एकदा जागेवर जाऊन ये आणि तू हो म्हणालीस तरच घेतो, असं तो म्हणाला. बाईंपुढे तपासायच्या पेपरांचा ढीग. आज जाते, उद्या जाते करता करता आठवडा गेला. त्याचा फोन आला तेव्हा नकाशा टेबलावर पसरलेलाच होता. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा त्यावर चांगल्या ऐसपैस होत्या. रेषा लांब लांब म्हणजे जमीन सपाट, हे तर सहावीतलं पोरही सांगेल. बाई बिनदिक्कत म्हणाल्या, “जाऊन आले मी. सपाट आहे, छान आहे. डोळे झाकून घे.”

त्यानं घेतली. पुढे कारखाना, मागे आईची खोली, असं टुमदार घर बांधलं. आणि गेल्या महिन्यात चार तास धो धो पाऊस झाला, तेव्हा आसपासचं सगळं पाणी मुकाट्यानं त्या घरात येऊन बसलं. लाकूड फुगलं, यंत्रं गेली. नवराबायको बाहेर अडकलेले. आई एकटी, गुडघाभर पाण्यात, कॉटवर पाय वर घेऊन पाच तास बसून राहिली.

आईला आपल्या घरी आणल्यावर बाईंनी तो नकाशा पुन्हा उघडला. जागेभोवतीची रेषा फिरून स्वतःलाच मिळत होती आणि तिला आतल्या बाजूनं बारीक बारीक दात होते. म्हणजे खळगा. ही खूण बाई दरवर्षी फळ्यावर काढायच्या, एका मार्काचा प्रश्न आहे, सोडू नका म्हणून बजावायच्या. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं त्यांना. जागेवर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या असत्या तरी चारी बाजूंनी चढ दिसला असता. नकाशा नीट वाचला नाही तो नाहीच, वर जाऊन आले म्हणून थापही मारली!

आणि भाऊ? तो चकार शब्द बोलला नाही. उलट कुणी जागेला नावं ठेवली की सांगायचा, माझी बहीण स्वतः बघून आली होती, हा पाऊसच जगावेगळा. आईही दिवसातून दोनदा म्हणायची, हिनं पारख केली म्हणून निभावलं, नाहीतर घरच वाहून गेलं असतं.

वर्गात जीभ अडकली त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई घरी गेल्याच नाहीत. सरळ भावाकडे. तो फुगलेल्या फळ्या उन्हाला लावत होता. बाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: गेले नव्हते, खोटं बोलले, खूणही दिसली नाही. आता हा काय वाटेल ते बोलो, अशी त्यांच्या मनाची तयारी होती. बोलला असता तर बरंच झालं असतं.

त्यानं हातातली फळी भिंतीला टेकवली. “माहीत होतं मला. त्या आठवड्यात इकडचा पूल खचला होता. मीच अर्ध्यातून माघारी गेलो, तू कशी येणार?”

“मग घेतलीस कशाला?”

“मला वाटलं, तुला यायची गरजच नसेल,” तो म्हणाला. “आमच्यासारख्यांना जाऊन बघावं लागतं. तू शिकलेली.”

बाईंना त्याच्याकडे बघवेना. फुगलेल्या फळ्यांकडे बघत त्या म्हणाल्या, पाणी आधी कुठून शिरलं, कुठे साचलं, उतरलं कसं, ते मला दाखव. चर कुठून खणायचा ते तरी बघते. या वेळी पायांनी चालून बघते.

“मला कुठे ठाऊक? मी बाहेर होतो,” भाऊ म्हणाला. “आईला विचार. पाच तास तीच तर बघत बसली होती.”

बाई रस्त्याला लागल्या. आईला विचारायचं, तर आधी तिला खरं काय ते सांगावं लागणार होतं.