अहवालातला 'अ‍ॅडमंट'

अंकिता ढोले आर्वी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर अकरा वर्षं नर्स होती. आरोग्य सहायिकेच्या बढतीच्या यादीत यंदाही तिचं नाव नव्हतं. कारण विचारायला ती वर्ध्याला जिल्हा परिषदेत गेली तेव्हा फायली सांभाळणारा बाबू म्हणाला, "मॅडम, तुमच्या गोपनीय अहवालात अ‍ॅडमंट लिहिलं आहे. म्हणजे हट्टी. साहेबांनी त्यावरच बोट ठेवलं."

अंकिताला खरंच वाटेना. तो शेरा तिने वाचला होता. मोबाइलवर अर्थ शोधला, तर 'ठाम' आलं होतं. त्या आनंदात नवऱ्याने, निकेशने, पावशेर जिलेबी आणली होती. आता तिने बाहेर येऊन पुन्हा मोबाइल काढला. ठाम. बोटाने वर सरकवलं, तर खाली हट्टी, दुराग्रही. तेव्हा ती पहिल्याच ओळीवर थांबली होती.

शेरा मिळाला होता तो लशीवरून. मे महिन्यात लशीच्या डब्यातला बर्फ पार वितळून आला होता. उकाड्यात चाळीस आया बाळं घेऊन बसलेल्या, सरपंच डोक्यावर उभे. "द्या ना बाई, काय होते?" तिने एकही सुई टोचली नाही. दुसऱ्या दिवशी नवा साठा आणून घरोघर फिरली.

ती तडक डॉक्टर राठींकडे गेली. अहवाल त्यांनीच लिहिला होता.

"अरे, मी तर तारीफ केली!" डॉक्टर गोंधळले. "आधी फर्म लिहिणार होतो. अ‍ॅडमंट जरा जोरदार वाटलं."

"जोरदार? सर, त्या जोरापायी माझं वर्ष गेलं. आता हेच वर लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. महिन्याने उत्तर आलं: 'सदर शेरा प्रतिकूल नसल्याने दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही.'

तिने ते दोनदा वाचलं आणि कागद ताटाशेजारी आपटला. निकेश जेवता जेवता म्हणाला, "सोडून दे ना आता. पुढच्या वर्षी होईन."

"काऊन सोडू? शेरा वाईट नाई म्हणतात, अन् त्याच शेऱ्यापायी मले बढती नाई देत! यातलं खरं काय, ते तं सांगा कोणी मले!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती पुन्हा बाबूच्या टेबलापुढे उभी राहिली. त्याने पत्र उलटसुलट पाहिलं आणि परत सरकवलं. "हे बरोबर आहे. अन् मी सांगितलं तेही बरोबर आहे."

"मग दोन्ही एका कागदावर लिहून द्या."

"मॅडम, असं लिहून देता येत नाही. तुम्ही लय अडून बसता."

तिने कोरा कागद मागितला, तिथेच उभ्याने अपील लिहिलं आणि आवक क्रमांकाचा शिक्का पडेपर्यंत जागची हलली नाही. त्याला चार महिने झाले. उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी ती फोन करते.