गोदूबाईची पोपटी

"आये, ते मडकं खाली ठेव. लोकं बघतायत."

"बघूं दे. देवानं डोळे कशाला दिलेत?"

गोदूबाई थांबली नाही. डोक्यावर मडकं, काखेत भांबुर्ड्याचा पाला, कमरेला खोचलेली मीठ-ओव्याची पुरचुंडी, आणि पावलं सरळ आपल्या शेताकडे. मागून तिचा एकुलता एक मुलगा सदा, मुंबईचे बूट हातात धरून, बांधावरून तोल सांभाळत येत होता. त्याच्यामागे त्याची बायको कोकिळा, वालाच्या शेंगांची टोपली घेऊन. तिला हसू येत होतं, पण नवऱ्याचं तोंड बघून ती ते दाबत होती.

सदा परळच्या एका शाळेत शिपाई होता. नाताळची सुट्टी लागली की लाँचने रेवसला उतरायचं आणि चौलजवळच्या या वाडीत आठवडाभर राहायचं, हा त्याचा नेम. यंदा मात्र तो राहायला नव्हे, आईला न्यायला आला होता. लावणी आटोपते न आटोपते तोच त्याचा बाप तुकाराम तापाने गेला. पुढची कापणी-झोडणी गोदूबाईने रेटली. जमिनीत ओल होती तोवर वालही पेरला. आता घराला कुलूप लावावं, शेत काकाने कसावं, आईने मुंबईच्या खोलीत नातवंडं सांभाळावीत, असं सदाने सुचवलं. काका कोंडाजीला पडत्या फळाची आज्ञाच झाली. दोघांनी ओटीवर बसून सगळं ठरवून टाकलं. गोदूबाईला कुणी विचारलं नाही. चहा मात्र तिच्याकडूनच मागून घेतला.

कप विसळता विसळता ती आतूनच म्हणाली होती, "उद्या आपल्या शेतात पोपटी लागंल. मी लावनार."

थंडी पडून वाल शेंगांना आला की इथे संध्याकाळी शेताशेतातून पोपटीचा धूर निघतो. मडक्यात पाला, शेंगा, खडेमीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंडात पाला गच्च कोंबायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा रचून पेटवायचा. पण पेटवायचा तो घरच्या कर्त्याने. बायांनी शेंगा तोडून द्याव्यात आणि घरी वाट बघावी. ज्या घरचा कर्ता त्या वर्षी गेला, त्या घरच्या शेतात तर पोपटी लागतच नसे. वाडीची रीत ती.

गोदूबाईला दुःख होतंच. पण त्याहून मोठा होता तो राग. तुकाराम गेला तेव्हा भात गुडघ्याएवढं होतं. ते कापायच्या वेळी ही रीत कुठे गेली होती? तेव्हा नाही कोणी म्हणालं, की बाईमाणसाने विळा धरू नये!

तिने मडकं भरलं. पाला कोंबायला कोकिळा पुढे झाली आणि दोघींनी मिळून मडकं पालथं घातलं. शेताच्या कडेला एक बसका दगड होता. त्यावर बसून तुकाराम दरवर्षी पोपटी राखायचा. सदा त्या दगडाशी आला, पण बसला नाही. गोदूबाईने काडी ओढली.

धूर वर चढला, तसा पलीकडच्या बांधावर कोंडाजी उगवला. म्हशीला शोधत होता म्हणे. म्हैस त्याच्या गोठ्यात रवंथ करत होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनीच खोड.

"वयनी, हे बरं न्हाय केलंत," तो तिथूनच ओरडला.

"भावजी, खायाचं असंल तर अलीकडं या. पावन्यासारकं या. कज्जा करायचा असंल तर पलीकडंच ऱ्हावा. बांध माझा हाय."

कोंडाजी गेला नाही. वासच तसा सुटला होता. थोडा वेळ त्याने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला आणि मग म्हणाला, "जाळ लय झाला. काढा आता, करपंल."

"काका बरोबर बोलतोय आये," सदा म्हणाला.

"करपंल म्हंतो ना! ऐका जरा कोनाचं!" कोंडाजी पुन्हा ओरडला.

तुकाराम मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून, शिजल्याचा चर्र आवाज येतो का, म्हणून कान देत असे. गोदूबाईला ते ठाऊक होतं. पण दोघांचा धोशा ऐकून तिचा धीर सुटला. तिने काठीने जाळ बाजूला केला, मडकं उलथलं आणि पाला ओढला. गरम वाफ तोंडावर आली. बांध ओलांडून कोंडाजी कधी आला आणि पळसाचं पान धरून कधी उभा राहिला, कळलंही नाही. पहिली मूठ कर्त्याची. त्याचा हात सगळ्यांच्या पुढे होता.

गोदूबाईने त्या पानाकडे पाहिलं. मग एक शेंग सोलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

ती चावत राहिली. दाणा दाताखाली कचकन वाजला. कच्चा होता.

"जल्मात एकदा दिराचं आयकलं," ती म्हणाली, "नि वाल कच्चं ऱ्हायलं."

कोकिळा आता खुशाल हसली. गोदूबाईने ताजा पाला घेतला, मडक्याच्या तोंडात पुन्हा गच्च कोंबला आणि फडक्याने धरून मडकं पालथं घातलं.

"बसा समदी. भावजी, तुमीबी बसा. शिजंल तवा मिलंल."

कोंडाजी पान हातात घेऊन खाली बसला. गोदूबाई चालत त्या बसक्या दगडाशी गेली, पदराने तो पुसला आणि त्यावर बसली. लग्न होऊन आल्यापासून ती त्यावर कधी बसली नव्हती. दगड गार होता. तिला तुकारामाची इतकी आठवण आली की डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. धूर होताच समोर.

सदा बराच वेळ विझत आलेल्या निखाऱ्यांकडे बघत उभा होता. मग त्याने हातातले बूट बांधावर ठेवले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पेंढ्याच्या उडवीकडे निघाला. अर्ध्यावर थांबून त्याने मागे वळून विचारलं,

"आये, किती पेंढ्या आणू?"

लहानपणापासून दर हिवाळ्यात तो हे इथूनच विचारायचा. बापाला.

"दोन आन," गोदूबाई म्हणाली. "नि वालावर पाय देऊ नको. अजून फुलं हायत त्याला."