मिठाच्या पाटीखालची चुंबळ

मित्रांनो, ठाण्याजवळच्या बाळकुम गावात एका घरात मागच्या दाराजवळ खुंटीला एक चिंधी अडकवलेली आहे. तिचा मूळ रंग कोणता, हे आता बघून कुणालाही सांगता येणार नाही. ती मी. डोक्यावर पाटी किंवा हंडा घेताना मधे कापडाचं वेटोळं ठेवतात ना, ती चुंबळ. ओझं मी हलकं करत नाही, हे आधीच सांगून टाकते. ते डोक्याला बोचू देत नाही, इतकंच माझं काम.

माझा जन्म व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला. रेजीन नावाच्या किरिस्ताव बाईने आपलं लाल चौकड्यांचं लग्नातलं लुगडं फाडून मला वळलं. तिचा नवरा पास्कू त्याच वर्षी तापाने गेला होता. घरात म्हातारी सासू आणि रांगता इनास. दिवाळी सरली की खाडीकाठची मिठागरं सुरू होत आणि बायका मीठ वाहायला जात. रेजीनलाही जाणं भाग होतं. मला वळताना तिने एकही पीळ सैल सोडला नाही. रडू आलं की ती पीळ आवळत होती, असं मला वाटतं.

मिठागरातलं काम सांगून कळायचं नाही. ओल्या मिठाची पाटी डोक्यावर घ्यायची, अरुंद बांधावरून चालायचं, राशीवर रिकामी करायची आणि परत यायचं. पाटीतून खारं पाणी गळायचं. ते आधी माझ्यात मुरायचं, मग रेजीनच्या कपाळावरून डोळ्यांत उतरायचं. दुपारपर्यंत मी लाकडासारखी कडक व्हायचे. संध्याकाळी मीठखात्याचा शिपाई मला पिळून बघायचा, कुणी मीठ चोरून नेतंय की काय म्हणून. एवढ्या वर्षांत त्याच्या हाती घामच लागला. तरी माझंही कौतुक व्हायचं बरं का. रेजीनच्या जोडीला शकू नावाची आगरी बाई असे. ती सगळ्यांना सांगायची की रेजीनच्या चुंबळीवर पाटी कशी देवासारखी बसते.

घरी भिंतीवर लाकडी क्रूस होता. जेवणं उरकली की रेजीन मला गुडघ्याखाली घ्यायची आणि प्रार्थनेला बसायची. लहानपणी आईने तिला शिकवलं होतं की देवापुढे यायचं ते अंग धुऊन, मन जागेवर ठेवून, आणि सुरू केलेली प्रार्थना पुरी करायची. बिचारी ‘आमच्या बापा’ म्हणून सुरू करायची आणि ‘आमची रोजची भाकर आम्हाला दे’ या ओळीपर्यंत पोचता पोचता तिची मान खाली पडायची. जाग आली की स्वतःला बोल लावून पुन्हा पहिल्यापासून. ‘आमेन’पर्यंत ती क्वचितच गेली. देव आपल्याला कंटाळला असेल, असं तिला वाटू लागलं. मला काही तसं वाटत नव्हतं, पण चुंबळीला कोण विचारतो?

मग एक रविवार आला. खाडीत गलबत लागलेलं, भरती कुणासाठी थांबत नाही, म्हणून मुकादमाने पहाटेच बायकांना बोलावलं. रेजीनने मीठ वाहिलं आणि तशीच ठाण्याच्या देवळाकडे, म्हणजे आमच्या चर्चकडे निघाली. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चुकू नये म्हणून जवळजवळ धावतच. पोचली, डोक्यावर पदर ओढला आणि गुडघे टेकले. मी तिच्या डोक्यावरच राहिले आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पदराखाली उंचवटा, त्यातून कपाळावर खारा ओघळ. मागच्या बायका खुसखुसू लागल्या. शेवटी रेशमी ओढणी घेतलेली एक बाई वाकून तिच्या कानाशी म्हणाली, “पाटी तरी बाहेर ठेवलीस ना?”

रेजीनने मला ओढून काढलं आणि मुठीत आवळलं. मिस्सा संपायच्या आत ती उठली. घरी आल्यावर क्रूसासमोर उभी राहिली, बसली नाही.

“तुझ्या घरी यायचं तर तयार होऊन यावं लागतं,” ती म्हणाली. “मला तयार व्हायला सवड नाही. आता मी येत नाही. तूही वाट बघू नकोस.”

त्या दिवसापासून रात्री मी खुंटीवर राहू लागले. गुडघ्याखाली मला कुणी घेईना. मला विसावा मिळाला म्हणायचा, पण तो विसावा मला सोसला नाही.

उपासाचा काळ आला. पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण जवळ आला की प्रत्येकाने कुमसाराला जायचं, म्हणजे पाद्रीबाबांच्या कानाशी वर्षाची पापं सांगायची, तेव्हाच सणाच्या दिवशी देवाचं अन्न, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर घेता येते. सासू रोज आठवण करून देई. रेजीन भांडी घासायला बसे. गेली तर बाबा विचारणार, प्रार्थना करतेस का? काय सांगायचं? आणि गेली नाही तर देवाच्या घराचा उंबरा कायमचा तुटला. या विचाराने तिची झोप उडाली. थकल्या अंगाला झोपही नसावी, याहून वाईट काय असतं?

आता एक गोष्ट समजून घ्या. मिठाने भरलेली पाटी एकटीने डोक्यावर घेता येत नाही. दुसरीने हात लावावा लागतो. मग सगळ्यांत शेवटच्या बाईला कुणी हात लावायचा? ही शेवटची बाई नेहमी रेजीनच असायची. कुणाला पाटीपाशी ताटकळत ठेवून पुढे जाणं तिला जमत नसे. सगळ्यांना हात लावून झाला की ती आपली पाटी ओढत बांधाच्या कडेवर चढवायची, खाली बसून डोकं तिच्याखाली घालायची आणि मग उठायची. त्या वेळी ती काय बोलते, ते मला रोज ऐकू यायचं.

त्या आठवड्यात शकूचा पाय मुरगळला होता, म्हणून ती फार पुढे जात नसे. एके दिवशी मागे वळून तिने विचारलं, “कुणाला बोलवतंस गो? हितं कुनी नाय.”

“मी कुठे बोलावते?” रेजीन म्हणाली.

“रोज बोलवतंस. ‘बापा, हात लाव’ म्हनतंस आनि उठतंस. मना वाटलं, तुझा बाप हितंच कामाला होता.”

रेजीन जागच्या जागी थांबली. पाटी डोक्यावर होती, ती खाली ठेवायची सोय नव्हती. मग तशीच चालत राशीपर्यंत गेली, पाटी पालथी केली आणि मिठावरच बसली. खूप रडली. तिने देवाशी बोलणं सोडलं होतं. तिच्या तोंडाने मात्र ते सोडलं नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जितक्या पाट्या तितक्या वेळा, ती त्याला हाक मारत होती. तिला देव दूर गेला असं वाटत होतं, आणि सगळ्या हंगामात त्याच्याशी तिच्याइतकं बोललं कोण असेल?

शनिवारी ती कुमसाराला गेली. तिथे काय झालं ते तिने सोमवारी शकूला सांगितलं, तेव्हा मी डोक्यावर होते. बाबांनी विचारलंच, प्रार्थना करतेस का? तिने सांगितलं की तिची एकच आहे, ‘बापा, हात लाव’, आणि ती पुरीही नाही. बाबांनी विचारलं, “त्याच्यापुढे काय म्हणतेस?”

“पुढे काही नाही, बाबा,” ती म्हणाली. “पुढे मी उठते.”

बाबांनी तिला पास्काला देवाचं अन्न घ्यायला ये म्हणून सांगितलं.

पाटी त्यानंतर हलकी झाली, असं मी म्हणणार नाही. रेजीन थकलेलीच राहिली, संध्याकाळी प्रार्थनेत झोपतही राहिली, फक्त स्वतःला बोल लावणं थांबलं. पुढे मी विरले. इनासच्या बायकोने नवी चुंबळ वळली आणि मी खुंटीवर आले. रेजीनही आता नाही. मला कुणी टाकून देत नाही आणि कामालाही घेत नाही. धूळ तेवढी झटका, बाकी माझं काही मागणं नाही.

मित्रांनो, वाटेत भरल्या पाटीपाशी कुणी नुसतं उभं दिसलं, तर ते विसावा घेत आहे असं समजून पुढे जाऊ नका. त्याने कुणाला तरी हाक मारलेली असते.