मुंजाजीच्या माळवदावरची चार अंडी

मुंजाजीला एकच छंद होता, काम सुरू करण्याचा. संपवण्याचा छंद त्याला नव्हता. माणसाने उगीच सगळेच छंद बाळगू नयेत, असं त्याचं मत होतं.

देवगाव फाट्यापासून दोन कोसांवर त्याचं घर. घराला दार होतं, दाराला कडी नव्हती. दारापुढच्या लिंबाखाली एक बाज होती, ती निम्मी विणलेली आणि निम्मी मोकळी. नवखा पाहुणा तिच्यावर ऐसपैस बसला की कमरेपर्यंत खाली जायचा आणि गुडघे कानाशी घेऊन "बाकी बरं हाय ना?" म्हणून विचारायचा. जुन्या लोकांना मात्र कोणत्या अर्ध्यावर बसायचं ते पाठ होतं.

जुने लोक म्हणजे तिघं. व्यंकटराव हे वयाने मोठे आणि पावसाचे जाणकार. कावळ्याचं घरटं, मुंग्यांची रांग आणि स्वतःचा डावा गुडघा, या तिन्हींच्या सल्ल्याने ते पाऊस सांगत. पाऊस चुकला तर म्हणत, "गुडगा बरा झालाय माझा, त्याला मी काय करू?" दुसरा भुजंग. त्याला अंबाडीचा दोर वळायचा नाद. अकरा वर्षं तो एकच दोर वळत होता. "कशाला रे एवढा?" असं कुणी विचारलं तर म्हणे, "आधी पुरा तर होऊ द्या." आणि तिसरा आश्रुबा. त्याच्या हातात कायम एक पिंजरा, पिंजऱ्यात तित्तर. तित्तर झुंजीचं होतं, पण आजवर एकदाही झुंजलं नव्हतं. "भित्रं न्हाई," आश्रुबा सांगे, "समजदार हाय."

त्या दुपारी ऊन असं होतं, की लिंबाची सावलीसुद्धा लिंबाच्या बुडाशी जाऊन बसली होती. सरकारी कागदात फसली सालातला तीर महिना आणि गावात वैशाखाची अखेर. चौघांच्या गप्पा रंगात आलेल्या, तेवढ्यात धुरपताबाई दारात आली. मुंजाजीची बायको. तिचा आवाज कधीच चढत नसे, आणि मुंजाजीला नेमकी त्याचीच धास्ती होती.

"आवं, ऐकलं का? मिरगाला पंधरा दिवस ऱ्हायले. मिरगाच्या आत माळवद झालं न्हाई तर मी सेलूला भावाकडं चालले. दिवाळीपर्यंत."

एवढं बोलून ती आत गेली.

माळवदाची गोष्ट अशी होती. धाब्याच्या घराला वर तुळया, तुळयांवर काटक्या आणि काटक्यांवर पांढरी माती. दोन-तीन वर्षांनी नवी माती टाकून ती तुडवावी लागते, नाहीतर पाऊस घरातच मुक्कामाला येतो. मुंजाजीने फागुनात मोठ्या जोमाने गाडीभर माती आणली, वर चढवली, मधोमध ढीग लावला आणि जरा विसावा घ्यायला खाली येऊन बसला. तो विसावा अजून चालू होता. मागच्या पावसाळ्यात घरात अकरा ठिकाणी गळलं होतं. धुरपताबाईने अकरा भांडी मांडली होती, आणि स्वयंपाक करायचा तर आधी कोणती धार थांबलीय ते बघून तिथलं पातेलं उचलावं लागे.

"जाऊ दे की वैनीला," आश्रुबा हळूच म्हणाला. "माहेर हाय."

"अन् खाऊ काय?"

दोन वर्षांमागे ती आठ दिवस सेलूला गेली होती, तेव्हा मुंजाजीने पिठलं केलं होतं. आश्रुबाच्या तित्तराने त्यातलं चोचभर खाल्लं आणि तीन दिवस मौन धरलं. तेव्हापासून ते मुंजाजीकडे पाठ करून बसे. पण खरी गोष्ट पिठल्याची नव्हती. त्या आठ दिवसांत मुंजाजीने सात कामं सुरू केली होती आणि "हे काय मांडलंय?" म्हणून विचारायला घरात कुणी नव्हतं. सुरू करण्यातली सगळी मजाच गेली होती. दिवाळीपर्यंत म्हणजे पाच महिने. तो उठला.

मुंजाजी उठला हे बघून भुजंगच्या हातातला दोर थांबला.

शिडी लावून मुंजाजी वर गेला. डोकं माळवदाच्या वर निघालं न निघालं तोच "टिटीव! टिटीव!" असा कल्ला झाला आणि त्याचं मुंडासं उडालं. दुसऱ्या झेपेला तो स्वतः शिडीवरून उतरला, पायऱ्या न वापरता.

"टिटवी हाय!" तो म्हणाला. "ढिगावर बसलीय. चार अंडी हायेत."

व्यंकटराव ताडकन उठले. "कुठं? माळवदावर? डोळ्यानं बगितली?"

"डोळ्यापासून चार बोटांवर होती."

"अरे गड्या!" व्यंकटरावांनी बोटं मोजायला घेतली. "टिटवीनं नदीच्या पात्रात अंडी घातली तर साल कोरडं. शेतात घातली तर बरं. बांधावर घातली तर पाणीच पाणी. अन् माळवदावर..." ते मटकन बाजेवर बसले, नको त्या अर्ध्यावर.

त्यांना बाहेर ओढून काढल्यावर त्यांनी निकाल दिला. असा पाऊस आजोबाच्या आजोबानं बघितला नसेल. अंडी चार, म्हणजे चार महिने. आणि पिल्लं निघून चालती होईपर्यंत माळवदाला बोट लावायचं नाही. अंडी हलली की पाऊस हलला.

"पिल्लं कवा निघतील?" मुंजाजीने विचारलं.

"महिनाभर धर."

"मिरगाला पंधरा दिवस हायेत!"

"मग मिरगाला सांग थांबायला."

"म्हंजे बगा," भुजंग दोर वळत शांतपणे म्हणाला, "पाऊस लय येणार म्हणून माळवद करायला पायजे. अन् पाऊस लय येणार म्हणूनच माळवद करायचं न्हाई. कानून बरोबर हाय." मग त्याने वर बघितलं. "ही टिटवी झोपताना पाय वर करून आभाळ पेलती म्हणतात. तुझं माळवद पेलती का बग जरा."

दुसऱ्या दिवशी सगळा गाव शिडीपाशी. तिसऱ्या दिवशी देवगाव फाट्याहून बैलगाड्या आल्या. गावात तयारीला जोर चढला. एकाने कडबा पिंपळावर नेऊन बांधला. एकाने बैलाला पोहायला शिकवावं म्हणून तळ्यावर नेलं. बैलाने पाण्याकडे बघितलं, मालकाकडे बघितलं आणि तो एकटाच घरी परत आला. आश्रुबाने तित्तराचा पिंजरा आढ्याला टांगला. भुजंग तर कधी नव्हे तो गंभीर झाला. सगळी घरं आपल्या दोराने मारुतीच्या देवळाला बांधावीत, असा त्याचा विचार होता. "गाव वाहून गेलं तरी एका जागी तर जाईल. मागनं हुडकायला सोपं." पटवाऱ्याने वर कळवलं. वरून उलट विचारणा आली, की सदर पक्षी कोणत्या गावचा रहिवासी असून त्याने कोणाच्या परवानगीने मुक्काम केला.

मुंजाजीला पहिले दोन दिवस बरं वाटलं. लोक त्याला रामराम घालत होते. न केलेल्या कामाबद्दल इतका मान त्याला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

पण दर्शनाला येणारी माणसं हवेतून येत नव्हती. ती माळवदावर उभी राहत होती, आणि माळवद जुनं होतं. घरात उन्हाचे कवडसे पडायला लागले. धुरपताबाई रोज मोजायची. अकराचे सतरा झाले, सतराचे तेवीस. नवव्या दिवशी ती भाकरी थापत असताना वरून एका पाहुण्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत आला आणि चुलीवर लोंबकळत राहिला. तिने भाकरी उलटली आणि वर न बघता विचारलं, "च्या घेणार का?"

भाकरी झाल्यावर तिने गाठोडं बांधायला घेतलं.

मुंजाजी उंबऱ्यात उभा राहिला. लुगडी गेली, फणी गेली. मग तिने कोनाड्यातला आरसा उचलला. आरसा दोघांचा होता.

"आवं, मिरगाला अजून सा दिवस हायेत की," तो म्हणाला.

"सा दिवसांत काय करणार हाय तुमी?"

"काय करू मंग? टिटवीला उठ म्हणू?"

धुरपताबाईने आरसा खाली ठेवला. पदर खोचला आणि ती शिडी चढली. मुंजाजी मागोमाग गेला, मुंडासं दोन्ही हातांनी धरून.

टिटवी ओरडली. धुरपताबाईने तिच्याकडे असं बघितलं, की ती बाजूला सरली. दोघींनाही घराची कटकट होती, समजलं असावं. धुरपताबाई वाकली. अंड्यांना तिने हात लावला नाही. ढिगाच्या कडेची मूठभर माती उचलली आणि बोटांतून सोडली. माती खाली गेली, हातात खडे राहिले.

"ही माती कुठली?"

"पांढरीतली," मुंजाजी म्हणाला. गावाच्या पलीकडच्या जुन्या टेकाडाला पांढरी म्हणत. सगळा गाव तिथूनच माती आणी.

"पांढरीत कंकर कदी निगाला?"

मुंजाजीने टिटवीकडे बघितलं. तिच्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती.

"पांढरी अर्धा कोस लांब हाय," तो म्हणाला. "वढा घरामागंच हाय."

धुरपताबाईने हातातले खडे परत ढिगावर टाकले. मग म्हणाली, "वढ्याचा कंकर गाडीभर आणून वर टाकला. तीन महिने हलवला न्हाई. त्या बिचारीला वाटलं, वढाच हाय."

मुंजाजीच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हंजे तिनं अंडी वढ्यातच घातली की. म्हंजे यंदा कोरडं? व्यंकटरावांना सांगू?"

"अन् ही माती तुमी पसरली असती तर?"

"चाळणीवर चाळणी."

"मंग बसून ऱ्हायले तेच बरं केलं," ती म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि तिने त्याच्या कामाची तारीफ केल्याचा हा पहिलाच प्रसंग. तो लाजला. "व्यंकटरावमामांना काही सांगू नका. आज तर न्हाईच."

मग ती माळवदाच्या कडेला गेली आणि खाली ताटकळलेल्या रांगेला म्हणाली, "ऐका! उद्यापासनं रिकाम्या हातानं दर्शन न्हाई. पांढरीतली एक एक टोपली माती आणायची. वर आल्यावर टाकायची अन् अकरा फेऱ्या घालायच्या. पाय आपटून. भिंतीभिंतीनं चालायचं, मधी कुणी यायचं न्हाई."

रांग चुळबुळली. व्यंकटराव पुढे आले. "कामून गं? असं कुठं असतंय?"

"मामा, तुमाला ठाऊक नसंल तर आमी कुणाला इचारावं?"

व्यंकटरावांनी सगळ्या रांगेकडे बघितलं. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती.

"असतंय," ते म्हणाले. "लय जुनी रीत हाय. लोक विसरलेत."

आणि पहिली टोपली त्यांनीच आणली. डावा पाय त्यांनी असा आपटला, की गुडघा पुढे दोन वर्षं पावसाबद्दल काही बोललाच नाही. आश्रुबा पिंजरा घेऊन फिरला. तित्तराच्या वतीने त्याने आणखी एक टोपली टाकली. भुजंगने अकरा फेऱ्या घालत तीन हात दोर वळला. फाट्याच्या गाड्या आता पांढरीवरून वळसा घेऊन यायला लागल्या. मुंजाजीला धुरपताबाईने पाणी शिंपडायचं काम दिलं होतं. ते त्याने सुरू केलं, आणि शिडीच्या तोंडाशी ती स्वतः बसल्यामुळे संपवलंही.

पाचव्या दिवशी माळवद वीतभर जाड आणि दगडासारखं टणक झालं. राहिला तो मधला ढीग आणि त्यावरची टिटवी. खाली घरात तेवीसच्या जागी एकच कवडसा पडत होता, ढिगाच्या कडेचा, सुपाएवढा.

मिरगाच्या दिवशी धुरपताबाईने गाठोडं सोडलं. मुंजाजीने आरसा उचलून कोनाड्यात ठेवला, जरा वाकडा. तिने सरळ केला.

पुढे पिल्लं निघाली आणि आईमागोमाग माळवदावरून टुणटुण खाली उड्या टाकून ओढ्याकडे चालती झाली. धुरपताबाई म्हणाली, "आता तेवढा ढीग काढून माती भरा." मुंजाजी म्हणाला, "उद्या." त्या साली पाऊस ना फार झाला ना थोडा. पिंपळावरचा कडबा खाली आला. व्यंकटराव म्हणाले, "टिटवीनं चार महिने सांगितले होते. झाले का न्हाई चार महिने?" झाले होते. कुणाला नाही म्हणता येईना.

पण पावसाचा हा हिशेब नंतरचा. आषाढातल्या एका दुपारी पाऊस लागला म्हणून चौघं घरात बसले होते. घर कोरडं ठाक. फक्त त्या सुपाएवढ्या जागेतून धार लागलेली. धुरपताबाईने अंगणातली बाज आत आणून बरोबर त्या धारेखाली मांडली आणि मुंजाजीला म्हणाली, "हितं झोपायचं. ढीग निघंपर्यंत."

मुंजाजी मुकाट्याने आडवा झाला. सगळे माना पुढे काढून बघायला लागले. धार वरून आली, बाजेच्या न विणलेल्या अर्ध्यातून सरळ खाली गेली आणि जमिनीवर पडली. विणलेल्या अर्ध्यावर अंगाचं मुटकुळं करून पडलेल्या मुंजाजीला शिंतोडासुद्धा लागला नाही. त्याची दोन अर्धी कामं आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना भेटली होती.

"ह्याला म्हणतात काम पुरं होणं," आश्रुबा भारावून म्हणाला.

धुरपताबाईने धारेकडे बघितलं, बाजेकडे बघितलं. मग ती कोपऱ्यात बसलेल्या भुजंगकडे वळली आणि हात पुढे केला.

"भावजी, तो दोर द्या बरं इकडं."

भुजंगने अकरा वर्षांचं ते वेटोळं पोटाशी धरलं. "वैनी, पुरा न्हाई झाला अजून."

"बाजेपुरता झालाय," धुरपताबाई म्हणाली, आणि मुंजाजी त्यावर असतानाच तिने पायाकडून विणायला सुरुवात केली.